नदी आणि पाट यांच्या मधले गाव : खानदेशातील नगरे व पुराच्या पाण्याची जागा

इ. स. १८१९ साली धुळे हे ४०१ घरांचे व २,५०९ वस्तीचे गाव होते, आणि एका बाजूस पाण्याचा पाट व दुसऱ्या बाजूस पांझरा नदी यांच्या मधल्या सुमारे एक चौरस मैलाच्या पट्टीत ते कोंडलेले होते, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरकारांनी करून ठेवली आहे. गाव किती लहान होते हे सांगण्याकरिताच ही नोंद केलेली आहे, आणि अभ्यासकही ती त्याच अर्थाने घेतात. प्रस्तुत लेखकास मात्र तीत गावाच्या लहानपणापेक्षा त्याच्या सीमांचे महत्त्व अधिक वाटते. ज्या गावाची एक सीमा नदी व दुसरी सीमा नदीतूनच काढलेला पाट ही होती, त्या गावाला पाण्याची जागा कोणती व माणसाची कोणती हे रोज डोळ्यांसमोर दिसत होते. पुढील दीडशे-दोनशे वर्षांत या दोन जागांमधील भेद कसा पुसला गेला, हा या निबंधाचा विषय आहे.

विषय जुना असला तरी प्रश्न आजचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेच्या वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी होऊन अक्कलपाडा धरणातून पाणी सोडावे लागले आणि धुळे शहरात नदीकाठच्या वस्तीत व पुलांवरून पाणी गेले. ३० व ३१ ऑगस्ट २०२१ च्या रात्री कन्नड घाटाच्या डोंगरपट्ट्यात इतका पाऊस कोसळला की तितूर व डोंगरी या दोन्ही नद्यांना एकाच वेळी पूर येऊन चाळीसगावच्या बाजारपेठेत पाणी शिरले, घाटात दरडी कोसळल्या आणि गुरांची मोठी हानी झाली. खानदेश हा कमी पावसाचा मुलूख. धुळ्यास वर्षाला सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास व जळगावास सातशेच्या आसपास पाऊस पडतो. येथील जुन्या पिढीची चिंता पाणी कोठून आणावे ही होती. पाणी कोठे घालवावे ही नव्हती. परंतु १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे हवामानशास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्राचे साधे तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. वर्षाची बेरीज तीच राहिली तरी ती थोड्या तासांत उतरू लागली, आणि सहाशे मिलिमीटरच्या गावालाही पुराचा विचार करणे भाग पडले.

या प्रश्नावर अलीकडे जगभर एक उपाय सांगितला जातो. पावसाचे पाणी गटारात घालून लवकरात लवकर नदीकडे पळवून लावण्याऐवजी ते पडेल तेथेच अडवावे, खोलगट बागांत, गवताच्या चरांत, तळ्यांत व सच्छिद्र फरसबंदीखाली मुरवावे आणि उरलेले सावकाश सोडावे. याला आपण ‘हरित निचरा’ म्हणू. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० नंतरच्या दशकात अशा खोलगट बागांची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने बसविली गेली. चीनने २०१५ पासून ‘स्पंजनगर’ या नावाने निवडक शहरांत ती मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. कल्पनेचे बीज याहूनही जुने आहे. बोस्टनच्या दलदलीत पुराच्या पाण्याकरिता राखून ठेवलेली उद्यानमालिका ओल्मस्टेडने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच उभी केली होती. हा उपाय आपल्याकडे परदेशी माल म्हणून येत आहे की आपल्याच मुलखाच्या वहिवाटीत त्याचे काही पूर्वरूप आहे, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. ते करताना पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते अशा भाबड्या निष्कर्षापासून सावध राहावे लागेल. हा मोह मराठी लेखनात फार आढळतो.

पूर्वरूप शोधावयाचे तर ते फड पद्धतीत शोधले पाहिजे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या धुळे व नाशिक जिल्ह्यांत, ही पद्धत तीनचारशे वर्षांची मानली जाते. नदीच्या पात्रात दगडी बंधारा घालावयाचा. तो पाणी साठविण्याकरिता नव्हे, तर पाण्याची पातळी थोडी उंचावून ते काठावरच्या कालव्यात वळविण्याकरिता. कालव्याची लांबी दोन ते बारा किलोमीटर. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग आणि सारंगांतून शेत, असा पाण्याचा प्रवास. जास्तीचे पाणी परत नदीस जावे म्हणून ठिकठिकाणी ‘सांडम’ ठेवलेले असत. कालवा आणि नदी यांच्या मधली सारी भिजणारी जमीन बहुधा चार फडांत विभागलेली असे. एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यावयाचे, कोणता फड पडीत ठेवावयाचा हे गावाने ठरवावयाचे, आणि पाणी देण्याचा अधिकार शेतकऱ्याच्या हाती न ठेवता तो पाटकऱ्याच्या हाती द्यावयाचा. पाटकऱ्याबरोबर पिकाची राखण करणारा जागल्या व या सर्वांवर हवालदार असे. बंधाऱ्याची डागडुजी व कालव्यातला गाळ काढणे हे काम लाभधारक मिळून करीत.

या व्यवस्थेचे कौतुक बहुधा समान पाणीवाटपाकरिता होते व ते योग्यच आहे. पुराच्या दृष्टीने मात्र तिच्याकडे क्वचितच पाहिले गेले. तसे पाहू लागल्यास पहिली गोष्ट ही दिसते की, फडाच्या कालव्याने पूर रोखला जाण्याची शक्यता नव्हती. एका कालव्याची वहनक्षमता सेकंदाला साडेचारशे लिटरच्या आसपास, म्हणजे अर्ध्या घनमीटरहूनही कमी. पुरात नदी त्याच्या हजारो पट पाणी घेऊन येते. बंधारा बुटका, पूर त्याच्या माथ्यावरून सरळ निघून जाई. तेव्हा ‘फड पद्धत म्हणजे पूरनियंत्रण’ असे कोणी म्हटल्यास ते टिकणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कालवा समपातळीने, नदीपासून उंचावर जातो आणि नदी खालून वाहते. त्यामुळे दोहोंमधली पट्टी ही स्वाभाविकपणेच नदीच्या पूरक्षेत्राचा मोठा भाग व्यापते. ही पट्टी शतकानुशतके मोकळी राहिली. पूर येईल म्हणून ती कोणी मोकळी ठेवली नव्हती. ती कायम बागायत होती, उसाची व धान्याची जमीन होती, आणि तीवर घर बांधणे म्हणजे भरल्या कोठारावर झोपडी घालण्यासारखे होते, म्हणून ती मोकळी राहिली. पूर आला की तो या शेतांवर पसरे, गाळ टाकी आणि ओसरे. पिकाचे नुकसान होई, परंतु गावाचे होत नसे. आमच्या मते खानदेशातील नदीकाठच्या जागेचा इतिहास समजण्याची ही किल्ली आहे. पाण्याची जागा श्रद्धेने वा नियमाने नव्हे, तर मोकळी जमीन बांधलेल्या जमिनीपेक्षा अधिक मोलाची होती म्हणून टिकली. ज्या दिवशी हे गणित उलटले, त्या दिवशी ती जाऊ लागली.

धुळ्यापुरते हे उलटणे केव्हा सुरू झाले हे बऱ्याच निश्चितपणे सांगता येते. त्यापूर्वी धुळे लळिंगच्या छायेतले एक दुय्यम ठिकाण होते. १८०३ च्या होळकरी धामधुमीत व दुष्काळात ते ओस पडले. पुढच्याच वर्षी विंचूरकरांचा आश्रित बाळाजी बळवंत याने ते पुन्हा वसविले आणि त्याबद्दल इनाम जमीन व हक्क मिळविले. १८१८ मध्ये मुलूख इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने, म्हणजे पुढे फिरिश्त्याच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या त्याच ब्रिग्जने, खानदेशचे मुख्य ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली. गाव मुलखाच्या मध्यभागी होते आणि पुण्याहून हिंदुस्थानात जाणाऱ्या हमरस्त्यावर होते, ही त्याची कारणे. व्यापाऱ्यांना व कारागिरांना घरांकरिता कायमची बिनसाऱ्याची जागा आणि पक्की घरे बांधण्याकरिता आगाऊ रकमा देऊन त्याने वस्ती बोलाविली. नवे धुळे सरळ व रुंद रस्त्यांचे झाले. आजही धुळेकर पत्ता सांगताना गल्लीला नाव न देता क्रमांक देतात, ती या आखीव वस्तीचीच खूण म्हणावयास हरकत नाही.

बिनसाऱ्याची जागा ही वरवर किरकोळ सवलत दिसते. तिचा अर्थ असा की, नदी व पाट यांच्या मधल्या व भोवतालच्या जमिनीवर प्रथमच शेतापेक्षा घर अधिक किफायतशीर ठरले. १८६३ च्या सुमारास वस्ती दहा हजारांवर गेली. १८७२ साली ती १२,४८९ व घरे २,६२० होती. म्हणजे अर्ध्या शतकात घरे साडेसहा पटींनी वाढली. आणि नेमक्या याच १८७२ साली पांझरेस मोठा पूर येऊन धुळ्यातील घरांची व मालमत्तेची अतोनात हानी झाली. गॅझेटिअरकार वस्तीवाढीचे आकडे देतो, पुराचीही नोंद देतो. परंतु दोहोंचा संबंध जोडीत नाही. १८१९ चे गाव याच पुरात सापडते तर वाचले असते काय, हे कोणी सांगू शकणार नाही. नदीकाठी तेही होतेच. परंतु नुकसान सोसावयास घरेच थोडी होती, एवढे निश्चित.

या पुरानंतर बारा वर्षांनी, १८८४ मध्ये, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा तरुण सहायक अभियंता मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाला. त्याच्या पहिल्या कामांपैकी एक पांझरेच्या खोऱ्यातले, दातर्ती या गावाजवळचे होते. कालव्याचे पाणी नदीच्या प्रवाहाखालून नळाने पलीकडे न्यावयाचे, म्हणजे वक्रनलिकेचे हे काम. पावसाळा सुरू होता. पुराबरोबर येणारी वाळू खोदलेला पाया पुन्हा भरून टाकी. पावसाळ्यापुरते काम थांबवावे असे त्याने सुचविले, ते वरिष्ठांना रुचले नाही, आणि शेवटी त्याने ते पावसाळ्यातच तडीस नेले. ही हकीकत त्याने वृद्धापकाळी आपल्या आठवणींत सांगितली आहे. चरित्रकार ती चिकाटीचा धडा म्हणून सांगतात. आमच्या विषयाला तिचा उपयोग निराळा आहे. खानदेशी नदीचा पूर कसा येतो, किती थोड्या वेळात येतो व किती गाळ आणतो, हे या अभियंत्याने पुस्तकात नव्हे तर ओल्या वाळूत उभे राहून पाहिले होते.

पुढे २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला व सुमारे पंधरा हजार माणसे मृत्यू पावली, तेव्हा निजाम सरकारने सल्ल्याकरिता १९०९ मध्ये याच विश्वेश्वरय्यांना बोलाविले. शहराच्या भिंती उंच करा असा सल्ला त्यांनी दिला नाही. शहराच्या वरच्या अंगाला मुसी व तिची उपनदी ईसी यांवर दोन तलाव बांधून पूर तेथेच धरावा आणि शहरातून जाणाऱ्या नदीच्या काठांवर रस्ते व बागा कराव्यात, अशी त्यांची योजना होती. त्यातूनच उस्मानसागर १९२० मध्ये व हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. शंभर वर्षांपूर्वीच्या या योजनेत आजच्या ‘हरित’ विचाराचे दोन्ही अर्धे सापडतात : पाणी वर धरणे आणि खाली त्याला पसरावयास मोकळी जागा ठेवणे. मात्र यातील दुसरा अर्धा जितका सोपा दिसतो तितकाच लवकर विसरला जातो. बागेला उत्पन्न नसते. नदीकाठच्या बागेवर प्रत्येक पिढीत कोणाचा ना कोणाचा डोळा असतो.

जळगावची गोष्ट धुळ्याहून निराळी आहे. जळगाव नदीवर वसलेले नाही. गिरणा शहराच्या पश्चिमेकडून काही अंतरावरून जाते. हे गाव वाढले ते रेल्वे व कापूस यांच्या जोरावर. १८६२ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या वर्षांत ते कापसाची मोठी पेठ झाले, युद्ध संपताच भाव कोसळून तेथल्या व्यापाऱ्यांना मोठी झळ बसली, तरी पेठ टिकली. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण हेच ठरले. शहराला पाणी मिळे ते दोन मैलांवरच्या मेहरूण तलावातून, नळाने. म्हणजे एके काळी जळगावची तहान व जळगावचा पाऊस या दोन्हींचा हिशेब एकाच तलावात होत असे. पाणलोटातले पाणी तलावात येई, तलावातले नळाने गावात जाई, आणि म्हणून तलावात येणारे ओहोळ मोकळे राहणे ही नगरपालिकेची स्वतःची गरज होती.

शहराचा पाणीपुरवठा पुढे दूरच्या जलाशयांवर, अलीकडे वाघूर धरणावर, अवलंबून राहू लागला आणि ही गरज संपली. मेहरूण तलाव फिरावयास जाण्याचे ठिकाण झाला. तो आहे हे भाग्यच; अनेक गावांत तसे तळे राहिलेलेही नाही. परंतु ज्या तलावाचे पाणी आपण पीत नाही त्याच्या ओहोळांकडे कोण पाहणार? येथेही धुळ्यातीलच नियम दिसतो. पाण्याची जागा जोपर्यंत कोणाच्या तरी रोजच्या उपयोगाची असते तोपर्यंतच ती राहते. २०११ च्या जनगणनेत जळगावची वस्ती ४,६०,२२८ व धुळ्याची ३,७५,५५९ भरली. २००३ मध्ये दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या. या वाढीत छपरे, रस्ते व फरशीची अंगणे यांनी किती जमीन झाकली आणि किती नाले अरुंद झाले, हे धुळ्याच्या मोती नाल्याच्या वा जळगावच्या लेंडी नाल्याच्या काठाने एकदा चालत गेल्यास कोणाही नागरिकास आकड्यांवाचून कळेल.

आता प्रश्न असा की, हरित निचऱ्याने या शहरांचे किती भागेल? यासंबंधी फार मोघम बोलले जाते, म्हणून थोडा हिशेब करणे इष्ट होईल. एक हेक्टर झाकलेल्या जमिनीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर एक हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी होते. त्या हेक्टरातली पाच टक्के जागा, म्हणजे पाचशे चौरस मीटर, खोलगट बागांना दिली व त्यांची खोली तीस सेंटिमीटर ठेवली, तर त्यांत दीडशे घनमीटर पाणी मावेल. हे पंधरा मिलिमीटर पावसाचे पाणी झाले. वर्षातल्या बहुतेक सरींना एवढी सोय पुरेल. रस्ते कमी तुंबतील, विहिरींना थोडे पाणी लागेल, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या या गावांत झाडांची सावली मिळेल. पण शंभर मिलिमीटरच्या दिवशी उरलेले साडेआठशे घनमीटर पाणी बागेवरून पुढे जाईल. त्याला वाट लागेल, आणि ती वाट म्हणजे नाला. नाला बुजवून त्याच्या काठी बागा करणे हा हरित निचरा नव्हे. ती शोभा झाली.

चीनमध्ये हे प्रत्यक्ष घडले. स्पंजनगर योजनेवर मोठा खर्च झालेल्या झेंगझोऊ शहरात जुलै २०२१ मध्ये एका तासात दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, आणि भुयारी रेल्वेत माणसे बुडाली. त्यावरून योजनाच फोल ठरविणे जसे अन्यायाचे, तसे तिने सर्व पूर थांबतील असे लोकांना सांगणेही अप्रामाणिकपणाचे. शिवाय धुळे व चाळीसगाव येथील पूर शहरात पडलेल्या पावसाचे नव्हतेच. ते वरच्या डोंगरांतून नदीवाटे आले. गावातल्या तुंबलेल्या पाण्याचा व नदीच्या पुराचा भेद आपल्या चर्चेत नेहमी गळून पडतो. पहिल्यावर गल्लीतल्या बागा चालतील. दुसऱ्यावर पाणलोटातले काम, धरणातून पाणी सोडण्याची शिस्त आणि नदीकाठची मोकळी पट्टी यांखेरीज उपाय नाही.

पाणलोटातल्या कामाची उदाहरणे धुळे जिल्ह्यातच आहेत. साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे चैत्राम पवार व त्यांचे गावकरी यांनी १९९० नंतरच्या दशकापासून जंगल राखून व बांध घालून डोंगरउतारावरचे पाणी अडविले. शिरपूर तालुक्यात भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले रुंद व खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे घालण्याची पद्धत रूढ केली. तिच्यावर भूजलतज्ज्ञांनी आक्षेपही घेतले आहेत, व ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. तथापि जमिनीखाली काय आहे हे पाहिल्याशिवाय पाणी मुरवावयास जाऊ नये, हा त्या प्रयोगातला आग्रह शहरांनी उचलण्यासारखा आहे. खानदेशची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांतून झपाट्याने खाली जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन पाणी आत घेईनाशी होते. परदेशी नमुन्याप्रमाणे या मातीत नुसता खड्डा करून झाडे लावली तर जुलैअखेर त्याचे डबके होईल व डासांची पैदास होईल. काळी माती काढून मुरमापर्यंत जावे लागेल, वाळू व खडीचा थर भरावा लागेल आणि जास्तीच्या पाण्याला बाहेर काढणारी मोरी ठेवावी लागेल. फडातला सांडम म्हणजे दुसरे काय होते? उलट सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरच्या बाजूस दगडगोट्यांचा जो पट्टा आहे तो पाणी सहज पितो. एकाच जिल्ह्यात दोन स्वभावांची जमीन आहे.

फडाकडून घेण्यासारखे यापेक्षा मोठे म्हणजे त्याची माणसे. बंधारा दगडाचा होता, परंतु पद्धत पाटकऱ्याची व जागल्याची होती. गाळ कोणी व केव्हा काढावयाचा, चारी फुटली तर कोणाला हाक मारावयाची, हे ठरलेले होते, आणि त्या कामाचा मोबदला गावाच्या पिकातून निघत असे. वरच्या अंगाची धरणे, विहिरी व विजेचे पंप आल्यावर पाणी ज्याचे त्याच्या हाती गेले आणि पुष्कळ गावांत ही मंडळी अनावश्यक ठरली. शहरातल्या खोलगट बागेला दर पावसाळ्यापूर्वी गाळ काढणारा, प्लास्टिक उचलणारा व तोंड मोकळे ठेवणारा माणूस लागतो. गटारसफाईच्या ठेक्यात हे काम बसत नाही, बागखात्याच्या कामातही बसत नाही. पहिल्या वर्षी छायाचित्र निघते, तिसऱ्या वर्षी ती जागा वाहनतळ होते. अशा एका बागेचे उद्घाटन व अंत ही दोन्ही प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत. गावाचे नाव येथे देण्याचे कारण नाही.

कायदा अगदीच मुका नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखावी, निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ देऊ नये, असे महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्येच ठरविले. परंतु निळी रेषा ही नकाशावरची मनाई आहे. ज्या जमिनीतून मालकास काही मिळत नाही तिच्यावरची मनाई सैल करून घेण्याचे प्रयत्न होणारच, आणि पावसाचे मान बदलल्यावर जुन्या आकड्यांवरून काढलेली रेषाही अपुरी पडणार. कायम बागायतीच्या काळात नदीकाठाला अशा रेषेची गरज नव्हती. म्हणून नदीकाठच्या पट्टीत रोपवाटिका, चाऱ्याची कुरणे, भाजीमळे, आठवड्याचा बाजार, खेळाची मैदाने, असे पाण्याखाली चार दिवस गेले तरी न बुडणारे उपयोग बसविणे हे नुसती मनाई करण्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरेल, असे आम्हांस वाटते.

या दृष्टीने पुढचे संशोधन कोठून सुरू करावे याची एक दिशा महसुली दप्तरातच आहे. इंग्रजी मोजणी खानदेशात आली तेव्हा, १८५२ मध्ये, सावदा, फैजपूर व एरंडोल येथे रयतेने तिला उघड विरोध केला. शंकूसाखळी घेऊन येणाऱ्याकडे लोक संशयाने पाहत होते. त्या मोजणीचा हेतू सारा बसविणे हा होता. जी जमीन सारा देणार नाही ती हिशेबातून वगळावयाची. ओढे, नाले, पाट, पाणंदी हे सारे पोटखराब्यात गेले, आणि सातबाऱ्यावर तो शब्द आजही तसाच आहे. पाण्याच्या जागेला दप्तराने ‘खराब’ म्हटले. मात्र वगळण्याकरिता का होईना, ती मोजावी लागली. त्यामुळे धुळे-जळगावच्या हद्दीत नंतर समाविष्ट झालेल्या एकेका गावचे जुने मोजणी नकाशे व आकारबंद घेऊन, त्यांतील पोटखराब्याच्या पट्ट्या आजच्या रस्त्यांवर व इमारतींवर ठेवून पाहिल्यास शहराचे हरवलेले नाले कोठून कोठे जात होते हे कळू शकेल. १८१९ च्या गावाची सीमा असलेला तो पाट आज कोणत्या गल्लीखाली आहे, याचा शोधही त्याच कागदांपासून घ्यावा लागेल.